टेम्पलला लागलंय

लेकीच्या खरचटलेल्या गुडघ्यावर स्पिरिट लावलं आणि त्या वासासरशी मी चिखलीच्या दवाखान्यात पोचले. शाळेत होते तेव्हा. सायकलवरून पडून डोळ्याच्या बाजूला फुटलं होतं. पट्टी चिकटवून डॉक्टर बाबांना म्हणाले, "टेम्पलला लागलंय, जपा."

बाबांना इंग्रजी जेमतेम यायचं, पण टेम्पल म्हणजे देऊळ हे पक्कं ठाऊक होतं. बाहेर येताच ते कडाडले, "आपण बौद्ध माणसं. तू देवळात काऊन गेल्ती?"

"मी सायकलवरून पडली, बाबा!"

"मंग डॉक्टर खोटं बोलून राह्यला का?"

कानशिलात द्यायला त्यांनी हात उगारला आणि पट्टी दिसताच तो तिथंच थांबला. मग दोन बोटं हळूच पट्टीवर टेकली. खाली शीर उडत होती.

"लय दुखते का?" एवढंच विचारलं.

टेम्पल म्हणजे कानशीलही, हे मला कॉलेजात कळलं. कोशात देवळाचं टेम्पल आणि कानशिलाचं टेम्पल यांची मुळं वेगळी दिली आहेत. तोवर बाबा गेले होते. त्या दिवशी त्यांनी माझं खरं मानलं होतं, की नुसतं माफ केलं होतं?