निळ्याचा थेंब

चाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत नोकरीची मुलाखत देऊन बाहेर पडत होते. त्यांचा मुलगा इम्रान बोलत होता. मी "ओके" म्हणाले.

सलीमचाचांचा फोटो स्टुडिओ अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्याच गल्लीत. कापसाच्या त्या वाईट वर्षांत तेल्हाऱ्याकडून बायका, म्हातारी माणसं गेलेल्या माणसाचा एखादा फोटो घेऊन येत. लग्नाच्या घोळक्यातला, नाहीतर फॉर्मवरून काढलेला. तो मोठा करून भिंतीवर लावायचा असे. साध्या शाईतला काळापांढरा फोटो दोन उन्हाळ्यांत हिरवट पडतो. चाचांना ते खपत नसे. "माणूस एकदा गेला, आता भिंतीवरून बी जाऊ द्याचा का?" म्हणून ते कार्बनची शाई, म्हणजे जवळजवळ काजळीच, पातळ करून गडद, मध्यम, फिकी अशा बाटल्यांत भरत आणि प्रिंटरला तीच पाजत. कार्बनला मुळात तपकिरी झाक असते. ती मारायला सिरिंजने निळ्याचे थेंब टाकायचे. किती, ते डोळ्यांनी ठरवायचं. मोतीबिंदूमुळे चाचांना सगळंच पिवळट दिसे, म्हणून बारावीनंतर ते काम माझ्याकडे आलं. नमुन्यादाखल छापलेली कागदाची पट्टी दारातल्या उजेडात धरायची आणि "अजून एक" किंवा "बस" म्हणायचं. मला फारसं बोलता येत नाही, त्यामुळे ते जमलं.

ही शाई तळाशी बसते. मशीन एक दिवस बंद राहिलं तर तुंबतं. रोज एक पान काढावंच लागे. चार वर्षं आम्ही दोघंही कुठे गेलो नाही.

"चाचा, ऑपरेशन करून घ्या ना."

"अन् मशीन कोन पाहीन, तुहा बाप?"

"मी आहे ना."

"तू हाये म्हनूनच त नाई करत!" ते खो खो हसले. मला हसू आलं नाही.

मुलाखतीचं मी लपवलं. म्हणाले, आत्याकडे फॅमिली फंक्शन आहे. बाटली हलवता हलवता ते म्हणाले, "खोटं बोलतांनी तू इंग्रजी बोलतं, बेटा. जाय. एका दिवसानं काई होत नाई."

त्या दिवशी शाई त्यांनी एकट्याने बनवली. तेल्हाऱ्याच्या एका बाईंना नवऱ्याचा फोटो छापून दिला आणि दुपारी खुर्चीतच गेले.

पंधरा दिवसांनी त्यांची शेवटची पट्टी माझ्या हाती आली. दारात धरली... निळी. मागे त्यांच्या अक्षरात 'बरोबर'.

मी तेल्हाऱ्याला गेले. भिंतीवर तो माणूस थंडीने गारठल्यासारखा निळसर दिसत होता. बाईंना म्हणाले, परत द्या, नवा करून आणते.

"काहून? चांगला तं हाये. चाचानं सोता बनवला म्हने." त्यांनी पदराने काच पुसली. "आता हा उडत नाई म्हने कधीच."

अमरावतीहून पत्र आलंय. रुजू कधी व्हायचं, तेही त्यात आहे. मी अजून काही कळवलेलं नाही. त्या दिवशी तेल्हाऱ्याच्या घरात मला चहा दिला, तो मी फोटोखाली बसून प्यायले. मुलं शाळेतून आली, बापाकडे एकदा बघून जेवायला बसली. निळं कुणालाच दिसत नव्हतं.