सुगरणीचा नवरा

आमच्या महाडच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या विभागात दोन गोष्टी कधी टाकून दिल्या जात नाहीत. झाकण हरवलेल्या बरण्या आणि किस्से! बरण्यांवर निदान लेबलं तरी आहेत. किस्से नुसतेच साठत जातात आणि चहा आला की कुणीतरी एखादा बाहेर काढतं. मी तिथं शिकवते. यातले बरेचसे किस्से आमच्या रुपेशचे आहेत.

रुपेश आमचा लॅब अटेंडंट. पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावचा. वय पस्तीस, निर्व्यसनी, कामाला वाघ. फक्त लग्न जमत नव्हतं. "मॅडम, मुलींना मुंबईचा पायजे, नायतर दुबईचा. कापड्याचा कुणाला पायजे?" असं तो हसत म्हणायचा आणि मग बरण्या पुसायला घ्यायचा. पुसलेल्याच पुन्हा पुसायचा.

*

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी एका मुलीला विचारलं, "दोन जातींमधल्या स्पर्धेचं उदाहरण सांग."

मुलगी घाबरलेली. म्हणाली, "सर, पोलादपूरची एसटी आणि सहा आसनी रिक्षा."

"बरं! आणि एकाच जातीतली स्पर्धा?"

"दोन सहा आसनी, सर!"

परीक्षकांना मजा यायला लागली. "मग दोघी टिकतात कशा?"

"एक कॉलेजची पोरं भरते सर, दुसरी बाजाराची माणसं."

पैकीच्या पैकी मार्क! दाराशी उभा असलेला रुपेश मला हळूच म्हणाला, "मॅडम, आणि तिसरी रिकामीच फिरते. ती मी."

*

रुपेशच्या आईच्या कोंबडीची पिल्लं घार उचलून न्यायची. कुणीतरी सांगितलं म्हणून आई पिल्लांना होळीचा गुलाबी रंग लावणार होती. आमच्या सरांना, म्हणजे विभागप्रमुखांना, हे कळलं आणि ते खुर्चीतून उठलेच.

"भडक रंग म्हणजे शिकाऱ्याला इशारा! मी विषारी आहे, लांब राहा! रुपेश, तुझी आई शास्त्रज्ञ आहे. पण अर्धीच पिल्लं रंगवायला सांग. आपल्याला तुलना करता येईल."

आठ दिवसांनी सरांनी उत्सुकतेनं निकाल विचारला.

"साधी सगळी हायत सर. गुलाबी सगळी गेली. लांबून दिसतात ना!"

सर पुन्हा खुर्चीत बसले.

"आणि आई विचारत होती, सर कापड्याला कधी येणार हायत? तिला बोलायचंय."

पुढचं वर्षभर सर कापड्याच्या बाजूला फिरकले नाहीत.

*

एकदा ओहोटीला मुलांना घेऊन दासगावच्या खाडीवर गेलो होतो. चिखलात खेकड्यांचे नर आपली एकच भलीमोठी नांगी वर करून हलवत होते. मी सांगितलं, "त्या नांगीनं खाता येत नाही. ती मादीला दाखवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला."

"आणि ज्याची लहान असंल त्यानं काय करायचं?" रुपेशनं विचारलं. मुलं हसली. मला नाही हसू आलं.

त्याच रविवारी तो वरंधला मुलगी बघायला गेला. सरांनी आग्रहानं स्वतःची गाडी दिली. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या मामानं खिडकीतून बघत विचारलं, "गाडी आपलीच का?"

"नाय, आमच्या सरांची हाय. पाचला परत करायचीय."

संध्याकाळी नकार आला. सर वैतागले. "अरे, गप्प बसता येत नव्हतं का?"

"सर, उद्या ती म्हणाली असती, याच गाडीनं माहेरी सोडा, तर?"

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. नकार घेऊन आलेल्या माणसानं गाडी धुऊन परत केली होती.

*

सव गावच्या रस्त्याला एका विहिरीवर शिंदीचं झाड वाकलंय. पावसाळ्यात त्यावर सुगरणींची घरटी लोंबतात. मी मुलांना सांगत होते की ही घरटी सुगरण विणत नाही, तिचा नवरा विणतो.

"म्हणजे आपण उगाच बाईचं कौतुक करतो?" एक मुलगा म्हणाला.

"बाई पसंत करते ना! तो अर्धं घरटं विणतो आणि हाका मारतो. ती आत जाते, काड्या ओढून बघते. आवडलं तर तो पुढचं विणतो. नाहीतर दुसरं घरटं."

"अर्धंच का पण?" हे रुपेशनं विचारलं.

"पसंत नाही पडलं तर सगळी मेहनत फुकट जाईल ना."

रुपेश बराच वेळ मान वर करून बघत राहिला. बस निघाली तेव्हा त्याला हाक मारून आणावं लागलं.

*

त्यानंतर त्यानं कापड्याला घर बांधायला काढलं. पुढची खोली झाली, मधली झाली आणि काम थांबलं. स्वयंपाकघराची नुसती जागा. आई चिडली, गाव हसलं, मीही म्हटलं, "रुपेश, आधी घर पुरं कर बाबा!"

"करू मॅडम," एवढंच म्हणाला.

मग सवच्या शुभांगीचं स्थळ आलं आणि ती घर बघायला आली. महाडला औषधांच्या दुकानात काम करते. सोबत तिचे आईवडील. रुपेशकडून मी आणि सर, जीव मुठीत धरून! आईनं सरांना भाजी-भाकरी वाढली आणि म्हणाली, "कोंबडी केली असती, पण जास्त उरल्या नायत."

शुभांगी खोल्यांतून फिरली. मागच्या दाराशी थांबली. "सैपाकघर कुठाय?"

"तुम्ही सांगाल तिथं," रुपेश म्हणाला.

तिचे वडील बायकोकडे बघायला लागले. शुभांगीनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि चांगली जोरात ओढली. एकदा, दोनदा.

"ही हलते."

रुपेशचा चेहरा पडला. "उद्याच काढून दुसरी बसवतो."

"उद्या नको," ती म्हणाली. "रविवारी मला सुट्टी असते. मी आल्यावर काढा."