अत्तरबाईंचं नाक

अत्तरबाई जिना उतरू लागल्या की तळमजल्यावरच्या शिंप्याला मान वर न करता कळायचं. बाईंच्या आधी त्यांचा गुलाब खाली पोचायचा. लेकीच्या जन्माआधीपासून त्या पार्लर चालवत होत्या, क्रीमही घरीच करायच्या. मेण आणि तेल मंद आचेवर वितळवायचं, कोमट पाणी धारेनं सोडत घोटायचं, आणि लोण्यासारखं झालं की बाजारच्या बाटलीतला गुलाबाचा वास टाकायचा. किती, याला माप नव्हतं. पातेलं नाकाशी न्यायचं, वास आला की पुरे.

गोची तिथेच होती. रात्रंदिवस त्याच वासात राहून बाईंचं नाक निर्ढावलं होतं. वास लागेपर्यंत थेंब टाकायचे, म्हणजे थेंब वाढतच गेले आणि बाईंना पत्ता नाही. नवरा म्हणायचा, आपल्याकडे चोर शिरला तर शिंकांवरूनच सापडेल. बाई ते हसण्यावारी न्यायच्या.

मग पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या लेकीला मुलगी झाली आणि बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. नातीसाठी त्यांनी खास क्रीम घोटलं. तान्ह्या बाळाचं म्हणून वास टाकताना हात आखडता घेतला, असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटलं. बाळाचे गाल लालबुंद झाले. लेकीनं ती डबी गुपचूप बाजूला ठेवली, गाल निवले. पण आजीनं गालाला गाल लावला की पुन्हा पुरळ. मग बाई भेटायला गेल्या की बाळ नेमकं झोपलेलं असायचं, नाहीतर नुकतंच दूध प्यायलेलं. नात जीव की प्राण आणि ती हातातच मिळेना. बाई खट्टू झाल्या, आणि एक दिवस त्यांनी लेकीला सरळ विचारलं.

"आई, तुझ्या गालावरचं क्रीम तिला बाधतं गं," लेक म्हणाली. "तुला कसं सांगावं तेच कळत नव्हतं."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. डबी आणि वासाची बाटली घेऊन त्या तडक त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, क्रीम निर्दोष आहे असं वदवून घ्यायला. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं आणि खुर्ची मागे सरकवली. वास जरा जास्तच नाही का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, छे, मला तर जेमतेम येतोय. तेवढ्यात दारातून आत आलेली नर्स शिंकली, आणि थांबेचना.

"मेण, तेल उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण या बाटलीवर नुसतं 'गुलाब' लिहिलंय. आत काय काय मिसळलंय ते ना तुम्हाला ठाऊक, ना मला. पुष्कळांना चालतं, काहींच्या कातडीला नाही. आणि बाळाला वास हवाय कशाला?"

खऱ्या फुलांचं तेल घातलं तर, असं बाईंनी विचारून पाहिलं. तेही काहींना बाधतं, असं उत्तर आलं.

घरी येऊन बाईंनी बाटली टाकून दिली, साड्या, उशा, पडदे सगळं धुऊन काढलं. बाई आजारी आहेत का, असं शिंप्यानं नवऱ्याला विचारलं. बिनवासाच्या क्रीमला काही गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, दोघीतिघी तुटल्याही. उलट शाळेत शिकवणाऱ्या एक बाई सांगून गेल्या, की इतकी वर्षं मान खाजायची ती थांबली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते, म्हणाल्या.

हळूहळू बाईंचं नाक ताळ्यावर आलं. पहिला फटका नवऱ्याच्या बुटांना बसला, ते कायमचे दाराबाहेर गेले. मग बाई लेकीकडे गेल्या. लेकीनं जरा धाकधुकीनंच बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. बाईंनी गालाला गाल लावला. बराच वेळ गेला तरी गाल गोरेच राहिले. मग त्यांनी बाळाच्या टाळूवर नाक टेकलं आणि त्या थबकल्या.

"हिला वास आहे गं."

"सगळ्याच बाळांना असतो, आई."

"तुलाही असेल की," बाई म्हणाल्या. "मला कधी कळलाच नाही." त्यांचे डोळे भरून आले.

लेक जवळ सरकली आणि आपलं डोकं आईपुढे वाकवलं. बाईंनी त्यावर नाक टेकून खोल श्वास घेतला, आणि सणसणीत शिंकल्या.

"हा शाम्पू आधी बदल," त्या म्हणाल्या, पण नाक तिथून काढलं नाही.