ढगमास्तरांचं शेवटचं विमान

"माघारी धाडलंत त्या विमानात माझा भाऊ होता! ढग जरा वर आहे म्हणाला असतात, तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"अगं, कोसळलेलंच होतं. तेवढंच सांगितलं."

हे भांडण शेजारणीने पातळ भिंतीतून ऐकलं होतं. त्यानंतर ढगमास्तरांची बायको माहेरी गेली, ती अकरा वर्षं आलीच नाही.

आडरानातल्या त्या विमानतळावर मास्तरांचं काम एकच. मागच्या टेकडीवरची पाण्याची टाकी बघायची आणि ढग किती खाली आलाय ते वैमानिकाला रेडिओवर सांगायचं. ढगात त्या बिचाऱ्याला बाहेरचं काही दिसत नाही. तो यंत्रांच्या काट्यांच्या भरवशावर खाली येतो, पण शेवटी धावपट्टी डोळ्यांना दिसावीच लागते. म्हणून टाकी झाकली, की मास्तर विमान माघारी पाठवत.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी बायको स्वतःहून न्यायला येणार होती. मास्तरांनी सकाळीच दाढी केली. पण दुपारी विमान जवळ आलं आणि टाकी ढगात बुडाली.

"मास्तर, वहिनी आहेत मागे," वैमानिक म्हणाला. "टाकीचं टोक तरी दिसतंय का? नीट बघा हं."

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"टोकही नाही रे बाबा. माघारी जा."

घरघर डोक्यावरून गेली आणि विरली. मग मास्तर रोज विमान उतरण्याआधी बसायचे तसे सायकलवर बसले आणि धावपट्टीवरची कुत्री पार टोकापर्यंत हाकलून आले. आज विमान उतरणार नाही, हे कुत्र्यांना कुठे ठाऊक होतं!