तेल प्यायलेली क्लच प्लेट

...तर काल मी जयवंताच्या छातीवर गिअरबॉक्स ठेवून तसाच जेवायला उठून गेलो, हे काही बरं झालं नाही. बिचारी रात्रभर त्याच्याखाली! काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो आणि मग तिला तिथून काढतो.

जयवंता म्हणजे उमरेड रोडवर दिघोरीच्या पुढं टिनाच्या शेडमध्ये गॅरेज चालवणारी बाई. माहेर उमरेडचं, बाप मागावर लुगडी विणायचा. नवरा मेकॅनिक. त्यानंच तिला पाने ओळखायला शिकवलं, आणि भांडण झालं की तेच पाने दोघं एकमेकांवर फेकायचे. तो मला म्हणायचा, "लहान पाना फेकला म्हणजे जेवाले बोलावते, मोठा फेकला म्हणजे खरंच कोपली." तो काविळीनं गेला. पाने राहिले, आणि फेकायची सवयही राहिली. एकदा ती इंजिनात वाकलेली असताना एका टायरवाल्यानं तिच्या कमरेला हात लावला. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो हात धरला, इंजिनाच्या काठावर ठेवला आणि वरून बोनेट पाडलं. त्याची दोन बोटं अजून नमस्कारात जुळत नाहीत. मी रोज सकाळी तिथल्या बाकावर पेपर वाचायला बसतो. घरी सून टीव्ही लावते, पण तिथं असं काही दाखवत नाहीत.

आता गिअरबॉक्सचं. मोठ्या वर्कशॉपात तो उतरवायला यंत्र असतं. जयवंताकडं छाती आहे. पाठीखाली पोतं टाकायचं, गाडीखाली उताणं सरकायचं, बोल्ट सुटले की ते धूड अंगावर घ्यायचं आणि अलगद बाजूच्या जुन्या टायरवर निजवायचं. अर्ध्यात सोडलं तर एक तर आतला शाफ्ट वाकतो, नाही तर बरगडी मोडते. "बरगडी जुळून येते गा मामाजी, शाफ्ट नाही जुळत," असं ती मला सांगायची.

त्या शनिवारी गाडी होती दामिनीची. दामिनी कुहीकडची पोरगी, तिशीची. पांढरी व्हॅन तिच्या बापानं तिला घेऊन दिलेली, तिच्याच नावावर. सोमवारपासून कोराडीच्या कॉलनीतल्या पोरांची शाळेत ने-आण करायचं काम तिला मिळालं होतं. सोमवारी गाडी दारात उभी राहिली नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. आणि गाडी तर चढावर नुसती ओरडायची, जागची हलायची नाही. क्लच प्लेट दोनदा बदलून झाली, दोन्ही जळल्या. तिचा नवरा धर्मेंद्र कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यानं निकाल दिला की बायको क्लचवर पाय ठेवून गाडी चालवते. मग ज्या पायानं प्लेट जाळली तो डावा पाय त्यानं सळईनं झोडपून काढला.

ती लंगडत आली. जयवंतानं तिची सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर जांभळे वळ होते, एक उकलून पाणी सुटलेला. जयवंता गाडीखाली वाकली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर बोट फिरवलं, काळं तेल आलं ते हुंगलं आणि म्हणाली, "बस मामाजींपाशी. आत्ताच उघडू हे."

तर बोल्ट सुटले, गिअरबॉक्स छातीवर आला, आणि नेमका तेव्हाच धर्मेंद्र आला. हातात टॉमी, म्हणजे टायर काढायची लांब लोखंडी कांब. पहिला घाव त्यानं व्हॅनच्या पुढच्या काचेवर घातला. काच सगळी पोह्यांसारखी आमच्या अंगावर.

"कोणाले इचारून गाडी खोलली वं? नोकरी करते? चाल घरी!"

त्यानं दामिनीचे केस धरले आणि तिला फरफटत नेलं. ती पडली, तर त्याच सुजलेल्या पायावर लाथ. मी उठलो, "अरे बाबू," एवढं म्हणालो. पुढचं मला आठवतं ते असं, की मी टायरांच्या ढिगात पालथा आहे आणि तोंडात पेपरची रविवारची पुरवणी आहे. मागच्या आठवड्याची.

गाडीखालून आवाज आला, "कोन हाये रे?"

"तुझा बाप!"

"बाप त माहा मेला. थांब, पाहू दे कोन्ता आला."

हे ऐकून तो आणखी पेटला. गाडी ज्या लोखंडी घोड्यांवर टेकवली होती त्यातल्या एकाला त्यानं लाथा घालायला सुरुवात केली. घोडा निसटला असता तर अख्खी व्हॅन तिच्यावर बसली असती. व्हॅन डुलली. खाली ती, छातीवर गिअरबॉक्स, तोही अर्धाच बाहेर निघालेला. सोडता येत नाही, पळता येत नाही. तिनं एक हात मोकळा केला, शेजारचा पाईप पाना ओढला. नळवाले वापरतात तो, मगरीसारख्या जबड्याचा. पुढची लाथ आली तशी तो जबडा त्याच्या घोट्यावर बसला. तिनं आवळला. मग आणखी आवळला. डाग देताना बैल ओरडतो ना, तसा तो ओरडला आणि बंपरवर कपाळ आपटून खाली आला.

"दामिनी! टायर सरकव इकडं!"

दामिनी रांगत गेली, टायर ढकलला. जयवंतानं एका हातानं पाना धरून ठेवला, दुसऱ्यानं गिअरबॉक्स टायरवर निजवला. बघा, कसा? झोपलेलं लेकरू ठेवावं तसा. तेवढं झाल्यावरच ती बाहेर आली.

ती बाहेर येते तोच धर्मेंद्रनं टॉमी फिरवली. कांब तिच्या उजव्या खांद्यावर बसली; हाड सरकल्याचा आवाज मला टायरांत ऐकू आला. तिनं डाव्या हातानं त्याचे केस धरले आणि त्याचं तोंड व्हॅनच्या पायरीवर आपटलं. एकदा नाही. नाक मोडलं, एक दात उडून माझ्या धोतरावर आला. मी तो झटकला. काय करणार ठेवून?

मग ती, उजवा हात लोंबतो आहे, बाहीतून रक्त ठिबकतं आहे, पुन्हा गाडीखाली गेली आणि क्लच खोलला. प्लेट काढून आणली. त्यातून तेल गळत होतं, तळणातून काढलेल्या वड्यासारखं. काढलेला भाग गाडीवाल्याच्या हातात द्यायचा, ही त्या गॅरेजची नवऱ्यापासूनची रीत. तिनं प्लेट दामिनीच्या हातात दिली आणि बोलली मात्र धर्मेंद्रशी.

"पाह्य. इंजिनाचं मागचं सील फाटलं हाये. तेल गळते ते सीधं या प्लेटवर. तेल लागलं का प्लेट घसरते, घसरली का जळते. दोनदा प्लेट बदलली, सील कोनंच नाही बदललं. यात हिचा पाय कुठं आला रे?"

माणूस शहाणा असता तर गप्प बसला असता. त्यानं रक्त थुंकलं आणि म्हणाला, "बाई चालवन त जळनच."

दामिनीनं ती प्लेट त्याच्या तोंडावर हाणली. तेल, रक्त, सगळं एक झालं. मग तिनं टॉमी उचलली आणि त्याच्या डाव्या पायाशी उभी राहिली. घोट्यात पाना अडकलेला, त्याला सरकताही येईना.

"दामू, नको वं," तो म्हणाला. "पाय गेला त ट्रक कसा चालवू?"

मी टायरांतून ओरडलो, "हाण पोरी!" लपवत नाही, मला फार मजा येत होती.

तुम्ही म्हणाल, पुढं? व्हॅन सोमवारी कोराडीला गेली, दामिनीच चालवत होती, पुढच्या नव्या काचेवरचं स्टिकरही निघालं नव्हतं. रविवारी जयवंता खांदा बांधून पोत्याशेजारी बसून सांगत होती आणि सील, प्लेट बसवून गिअरबॉक्स छातीवर घेतला तो दामिनीनं. धर्मेंद्र आपल्या दोन्ही पायांनी, एक ओढत का होईना, भावाकडं गेला तो गेलाच. दामिनी आता गॅरेजच्या मागच्या खोलीत राहते.

पण टॉमी वर गेलेली होती तेव्हाचं सांगायचं राहिलं. दामिनीनं मागं न बघता विचारलं, "मावशी, हाणू का?" मला वाटलं, लोकांच्या बोटांवर बोनेट पाडणारी ही बाई, ही काय म्हणणार! जयवंता खांदा दाबून धरत भिंतीला टेकली. ती जे बोलली ते शब्दाला शब्द सांगतो:

"हाण ना, मी काहून अडवू? पण मंग सोमवारी तू ठाण्यात बसून राहशीन, आन् कोराडीची पोरं दुसराच कोनी नेईन. तुहं तू ठरव वं. मले फकस्त येवढं सांग, नवीन प्लेट टाकू का नको?"