कावळ्याच्या पानावर बुलबुल

आई गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी एकाच कावळ्याला एकाच वेळी जेवायला बोलावलं आणि हाकलून दिलं.

त्याचं असं झालं. गच्चीवर आईनं लावलेल्या मधुमालतीत बुलबुलांनी घरटं बांधलं. पुस्तकाबाहेर फारसं न बघणारा मी मोबाईल घेऊन रोज वर जाऊ लागलो. काड्या आल्या, अंडी आली, पिल्लं निघाली, सगळं टिपलं. (बुऱ्हाणपूरच्या उन्हात! डोक्यावर ओला टॉवेल असायचा. शेजारी नव्यानं आलेल्या भाभी मला प्लंबर समजत होत्या.)

नेमकं त्याच आठवड्यात आईचं मासिक श्राद्ध आलं. आमच्याकडे कावळ्याचं पान गच्चीवरच ठेवतात, आणि कावळा शिवल्याशिवाय बाबा घास घेत नाहीत. त्यांना साखरेचा आजार. म्हणजे कावळा आला नाही तर बाबांना चक्कर, आला तर पिल्लं गट्टम!

पान ठेवलं. वरणभात, वडा, केळं. बाबा जिन्याच्या दारात खुर्चीवर बसले.

"आवाज दे नं त्याला."

"काव काव," मी पुटपुटलो.

"वाचनालयात आहेस का? जोरात!"

ओरडलो. कावळा आला, पण पानाकडे ढुंकूनही न बघता वेलीकडे टक लावून बसला. मी टॉवेल फिरवला. "हाड!" उडाला. बाबांनी डोळे वटारले. मी पुन्हा "काव काव!" आला. पुन्हा "हाड!"

पलीकडच्या गच्चीवरून भाभी म्हणाल्या, "भाईसाब, बुला रहे हो कि भगा रहे हो?"

"दोन्ही," मी खरं ते सांगितलं.

"काय करून राहिला रे तू?" बाबा कडाडले.

"बाबा, आईच्या वेलीत पिल्लं आहेत."

बाबांनी मान वळवून वेलीकडे पाहिलं. तेवढ्यात कावळा वेलीवरच उतरला! बाबा ताडकन उठले, काठी उगारली. "निघ मेल्या! तिच्या वेलीत चोच घालतो?"

कावळा थेट तापीपार, जैनाबादच्या दिशेनं गेला.

आम्ही दोघं दारात उपाशी. मग बुलबुलाची मादी आली. पानातलं केळं टोचलं, चोचभर घेऊन पिल्लांकडे गेली. बाबांनी काठी खाली ठेवली.

"शिवलं," ते हळूच म्हणाले. "तुझ्या आईला कावळे कधी आवडलेच नाहीत. चल, वाढ."

हा प्रसंग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपलाय. फक्त घाईत मोबाईलचा सेल्फीचा कॅमेरा लागला होता. त्यामुळे त्यात बुलबुल नाही, बाबा नाहीत. माझं नाक आहे, आणि तेही वाहतंय!