वरचा पापुद्रा

माझी नोकरी विमानातून टिपलेल्या चित्रांत खनिजं शोधण्याची. प्रत्येक खनिज उन्हातला ठरावीक प्रकाश गिळतं. डोळ्यांना न दिसणारा तो फरक विमानातला कॅमेरा पकडतो आणि मी अंबरनाथ पश्चिमेच्या घरात बसून त्याचा नकाशा रंगवते. कोकणातलं बॉक्साइट शोधायला विमान निघालं, तेव्हा चाचणी म्हणून आमच्या भागाचाही एक पट्टा टिपला होता. त्यात चिखलोलीजवळ जिप्समचा ठिपका आला. इथे सगळा काळा कातळ, पांढरं जिप्सम कुठून येणार? खडकांच्या नकाशाशी जुळत नाही ते चूक समजून पुसायची आमच्याकडे रीतच आहे. मीही पुसला, आणि वर स्वतःवर खूश झाले.

आठवड्याने बाबांनी चिखलोलीच्या आमच्या प्लॉटवर बांधायच्या घराची आखणी पुढ्यात ठेवली. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून ते नुकतेच सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते. प्लॉटचा तिरका आकार पाहून मी विमानाचं मूळ चित्र पुन्हा उघडलं. पुसलेला ठिपका हुबेहूब तसाच होता.

"बाबा, प्लॉटवर भराव कुठला टाकलाय?"

"कंपनीतला. पांढरा माल पडून होता, फुकटात मिळाला. सगळ्यांनीच घेतला तेव्हा, त्यांची तर त्यावर घरंही उभी राहिली. का गं, काही सापडलं की काय?" त्यांचा चेहरा खुलला.

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. नुसत्या जिप्समने काही बिघडत नाही; पण कारखान्यातून त्याच्याबरोबर आणखी काय आलं, ते विमानाला दिसत नव्हतं. तिथल्या बोअरचं पाणी तापवलं की वास येतो. आईने लावलेली तिन्ही आंब्याची कलमं सुकली. मी म्हटलं, आधी माती तपासू, पाणी तपासू, तोवर घर नको.

बाबा बराच वेळ आखणीवरून बोट फिरवत राहिले. "विमानातून किती खोल दिसतं?"

"खोल काहीच नाही. अगदी वरचा पापुद्रा."

हे बोलायला नको होतं. रविवारी त्यांनी तिथे लाल मातीचे ट्रक रिकामे करून घेतले. तपासणीचं नाव काढलं की ते उठून जायचे.

पावसाळ्यानंतर विमान पुन्हा उडालं. तो पट्टा मी तीनदा तपासला. चिखलोलीत जिप्सम नव्हतं.

"बघ, गेलं की नाही?" बाबा म्हणाले, आणि पाया खणायचा मुहूर्त काढायला गेले. बोअरला नवी मोटर त्यांनी आधीच बसवून घेतली आहे.